पगार देवापुढं

कुरुंदवाडात 1980 च्या आगेमागे मिळवायला लागलेल्या आमच्या पिढीतल्या कुणी गावात खोली भाड्यानं घेतल्याचं मला आठवत नाही. नोकरी लागली की एस.टी.चा पास काढायचा, डबा घ्यायचा आणि दिवेलागणीला घरी परत यायचं. कुणी इचलकरंजीत मागावर, कुणी साईझिंगमध्ये, कुणी शिरोळच्या दत्त साखर कारखान्यात हंगामी, कुणी जयसिंगपूरच्या अडत दुकानात दिवाणजीच्या हाताखाली. मी जयसिंगपूरला एका शाळेच्या कचेरीत कारकून होते. आमचं गाव एके काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तालुक्याचं ठिकाण शिरोळ. आमच्याकडं राहिली ती नदीकाठची शेती, घाट, बाजार आणि नगरपालिका. एवढ्यावर सगळ्यांची पोटं भरणार नव्हती, म्हणून कमवायला बाहेर आणि निजायला गावात, अशी आमची रीत पडली.

गावातून लहानपणी बाहेर पडून मोठं झालेलं नाव म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. 1872 साली ते इथं जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकले आणि 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांचं नाव आम्हाला शाळेत अभिमानानं सांगत, आणि तो अभिमान मला आजही आहे. पण जे सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले, त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही. त्यांनीच घरं उभी केली, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला. आमच्या वेळेपर्यंत त्या शहराची गल्लीन् गल्ली मागांच्या आवाजानं भरून गेली होती. आसपासच्या गावांतली तरणी पोरं तिकडं ओढली गेली. मागावर मजुरी मीटरवर, कापडातल्या आडव्या धाग्यांच्या दाटीप्रमाणं, आणि पगार आठवड्याचा. वीज गेली की माग थांबला, माग थांबला की मीटर थांबला. त्यामुळं एका आठवड्याचा पगार दुसऱ्यासारखा कधी नसायचा. अशा पगारावर इचलकरंजीत खोली घेऊन, खानावळीत जेवून राहायचं म्हटलं, तर महिन्याच्या शेवटी हातात काय उरणार? ज्यांची गावं लांब होती, सोलापूर-विजापूरकडची, त्यांना तसं राहावंच लागायचं. ती पोरं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत, पाळ्यांप्रमाणं आळीपाळीनं झोपत. आमच्या भावांना ते दिसत होतं. संध्याकाळी गाडीत उभं राहून का होईना, पण घरी येता येतंय, याचं मोल त्यांना ठाऊक होतं.

पगार हातात आला की तो आधी देवापुढं जायचा. आमच्याकडं पाकीट देव्हाऱ्याच्या पायरीवर ठेवायचं, आई दोन बोटांनी हळदकुंकू लावायची, आणि मगच ते उघडायचं. सगळ्या गल्लीत थोड्याफार फरकानं हीच पद्धत. मुसलमान शेजाऱ्यांकडं देव्हारा नव्हता, तरी पाकीट पहिल्यांदा अम्मीच्याच हातात जायचं. मग त्या पैशांचे वाटे पडत. किराणावाल्याची वही, दूध, धाकट्याची फी, वडिलांची औषधं, सोसायटीचा हप्ता. शेवटी आई मिळवत्या पोराच्या हातावर खर्चाला थोडे पैसे ठेवायची. मिशा फुटलेला, मागावर रातपाळी करणारा गडी आईपुढं हात पसरून उभा राहायचा आणि त्यात त्याला कमीपणा वाटायचा नाही. “एवढंच व्हय?” एवढं म्हणायची मात्र मुभा होती. “पुरतंय की. सिनेमाला किती लागतंय तुला?” हे ठरलेलं उत्तर.

उरलेल्याची बचत व्हायची, आणि तिच्या वाटा अनेक होत्या. रोज संध्याकाळी पिग्मीवाला यायचा. सिंडिकेट बँकेनं 1928 मध्ये उडुपीकडं सुरू केलेली ही पद्धत. रोज दोन-चार आणे घरी येऊन गोळा करायचे आणि ते त्या माणसाच्या खात्यावर साठवायचे. कृष्णाकाठच्या बँकांनी आणि पतसंस्थांनी तीच इतकी उचलली, की दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला चहाआधी पिग्मीवाला भेटायचा. बायकांची भिशी वेगळी. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचं कार्ड घेऊन फिरणारी एजंटबाई वेगळी. पितळेच्या डब्यात शेंगदाण्याखाली आईनं ठेवलेल्या नोटांबद्दल तर वडिलांनाही ठाऊक नसायचं. त्या नोटा फक्त दोन कामांना बाहेर येत, आजारपणाला आणि पुराला.

पुराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आमच्या गावात मिळवती मुलं घरात का हवीत, याचं निम्मं उत्तर तिथं आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते ती आमच्या दाराशी. संगमापलीकडं नृसिंहवाडी. पावसाळ्यात वाडीला दत्तमंदिरात पाणी चढलं आणि दक्षिणद्वार सोहळा झाला, की लांबलांबचे भाविक त्या पाण्यात स्नानाला येतात. आमच्या घरांत ती बातमी आली, की आई देवाला हात जोडायची आणि लगेच म्हणायची, “पोती वर घ्या रं.” शाळूची पोती, गहू, वाकळा, शिलाईचं मशीन, शाळेची दप्तरं, देव्हारा, सगळं माडीवर नाहीतर शेजारच्या उंच घरी. म्हशी आधीच पाहुण्यांच्या गावाला. शिरढोणच्या पुलावर पाणी आलं की इचलकरंजीची वाट बंद, मागावर खाडा, मजुरी बुडाली. मग ओसरायला लागलं की खरं काम. गुडघाभर गाळ, पांढऱ्या मातीच्या भिंती ओल्या, न्हाणीपासून सोप्यापर्यंत वास. ज्या घरात दोन-तीन तरणीताठी माणसं होती, ते घर लवकर सावरायचं. म्हातारा-म्हातारी एकटी असली, की त्यांच्या घरची ओल बराच काळ हटायची नाही.

पुढं 2005 चा पूर आला, 2019 चा त्याहून भयानक आला, 2021 ला पुन्हा पाणी शिरलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये गावाला चारी बाजूंनी वेढा पडला, तेव्हा घराघरांतून म्हाताऱ्यांना उचलून बाहेर काढणारे हात त्या घरांत राहिलेल्या मुलांचेच होते. पुण्याला असलेली मुलं फोनवर रडत होती, आणि येणार कुठल्या रस्त्यानं? माझ्या मते, घरी राहणाऱ्या मुलाचा हिशेब मांडताना वाचलेलं भाडं मोजतात, पण अशा रात्री मोजत नाहीत. त्या मोजल्या पाहिजेत.

एवढी माणसं एका छताखाली कशी राहत? सोप्यात तिघे भाऊ एका ओळीत. माजघरात आम्ही बहिणी आणि आजी. थोरल्याचं लग्न झालं की माडीवरची खोली त्याची, आणि तिथं ठेवलेली कांद्याची पाटी, बी-बियाणं, जुन्या वह्या हे सगळं जिन्याखाली. नव्या जोडप्याला निवांत बोलायचं असेल तर वाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं निमित्त. जाताना नवराबायको, येताना आईसाठी बासुंदी, नाहीतर कवठाची बर्फी, म्हणजे कुणी काही विचारायचं नाही. स्वतःसाठी रेडिओ घ्यायचा म्हटलं तरी घरात चार दिवस चर्चा. आपल्याला आवडलेल्या मुलीबद्दल घरात बोलायची सोय नव्हती, आणि ज्यांनी बोलून पाहिलं त्यांचे हाल मी पाहिले आहेत. हेही खरं होतं, आणि ते झाकून आठवणी सांगणं मला जमणार नाही.

पण गणपतीच्या दिवसांत याच दाटीला उत्सवाचं रूप यायचं. आमच्या गावात मशिदींमध्ये गणपती बसतो. अशा पाच मशिदी आहेत, आणि मोहरम-गणपती एकत्र आले की पीर आणि गणपती शेजारी-शेजारी असतात. या कामाला लागणारी पोरं म्हणजे हीच, मागावरची आणि कारखान्यातली. रजा टाकून मांडव घालायचे, वर्गणी फिरवायची, आरतीला थांबायचं, रात्री जागायचं. हिंदू घरातलं पोरगं आणि मुसलमान घरातलं पोरगं सकाळी एकाच गाडीनं इचलकरंजीला जात असे, रात्री एकाच मशिदीच्या दारात पताका बांधत असे. ती सगळी घर सोडून शहरात गेली असती, तर हे कुणी टिकवलं असतं?

आता स्वयंपाकघराकडं येते. घरात राहिल्यानं पैसा वाचला असं आम्ही म्हणतो, तेव्हा तो कुणाच्या कष्टांतून वाचला हेही सांगायला पाहिजे. दिवसपाळीचा गडी पहाटे निघायचा, त्याचा डबा पहाटे. रातपाळीचा सकाळी यायचा, त्याला तेव्हा गरम भाकरी. माझी गाडी त्यानंतर, माझा डबा वेगळा. शाळकरी पोरं मधल्या सुट्टीत. वडील रानातून दुपारी. संध्याकाळी पुन्हा तेच उलट क्रमानं. आईची चूल पहाटेपासून रात्रीपर्यंत जवळजवळ विझतच नव्हती. कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी आणि भाकरी खानावळीत विकत घेतली असती तर तिची पावती मिळाली असती. आईनं केलेल्या भाकरीची पावती कुणी फाडली नाही. पुढं सुना आल्या, त्यांच्यावर तेच ओझं आलं. आमच्या बचतीचा मोठा भाग या बायकांच्या हातांनी झाला होता, आणि बचतीच्या कागदावर त्यांचं नाव क्वचितच होतं.

तसंच आम्हा मिळवत्या मुलींचं. जयसिंगपूरच्या गाडीत आम्ही बऱ्याच जणी असू. शिक्षिका, नर्स, बालवाडीच्या बाई, दुकानांतल्या मुली. शिवाय इचलकरंजीत कांड्या भरणाऱ्या होत्या. लग्न होईपर्यंत आमचा पगार भावांसारखाच देवापुढं गेला. आमच्या घरची परड्याकडची भिंत पक्की झाली ती माझ्या पगारातून. न्हाणीला फरशी बसली, वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं, धाकट्याची आयटीआयची फी भरली गेली, त्यात माझे पैसे होते. ते दिले याचा आनंद मला आजही आहे. आपण आणलेल्या पैशांनी बांधलेल्या भिंतीला टेकून बसायचं सुख ज्यांनी घेतलं, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मग लग्नं झाली, आम्ही गेलो. पुढं वडील गेले, आणि घराच्या वाटणीचा कागद आला. शिरोळला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मीही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. भाऊ मायेचे आहेत, भाऊबीजेला आजही वाट बघतात. आमच्या ओळखीतल्या बहुतेक बहिणींनी अशाच सह्या केल्या, माहेर तुटू नये म्हणून. कायदा तेव्हा बदलत होता. महाराष्ट्रानं 1994 साली वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणी त्या रेषेच्या पलीकडं राहिल्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क राहतो. हे सगळं चांगलंच झालं. पण कायदा हक्क देतो तो मुलगी म्हणून जन्मली म्हणून. तिनं घराला काय दिलं, हे त्यात येत नाही. आमच्या कागदावर भिंतीची मापं होती, चतुःसीमा होती. ती भिंत कुणाच्या पगारातून झाली हे त्यात कुठंही नव्हतं.

भावांतही हाच प्रश्न होता. एक भाऊ शिकून मुंबईला गेला, तिथं त्यानं स्वतःच्या नावावर घर घेतलं. दुसरा आईवडिलांजवळ राहिला, जन्मभर पगार घरात दिला, पूर काढले, आजारपणं काढली. वाटणीला दोघे बसले आणि समान वाटे झाले. असं कितीतरी घरांत झालं. गेलेल्या भावाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यानंही मनिऑर्डरी पाठवल्या. पण जो राहिला, त्याच्याजवळ दाखवायला बँकेचं पुस्तक नव्हतं, कारण त्याचा पैसा घरात मिसळून गेला होता. अशा माणसांच्या तोंडून, त्यांच्या साठीत, मी एक वाक्य ऐकलंय, “आमी काय मिळवलं, सांगा की.” ते ऐकून माझ्या पोटात तुटतं. आमच्या पिढीतला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो मायेनं वागणाऱ्या माणसांकडूनच झाला.

आता आमच्या घरात पुढची पिढी मिळवती झालीय. माझी भाची पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत लागली, तेव्हा ती कॉट बेसिसवर राहत होती. एका खोलीत चौघी, मेसचा डबा, कपाटाला कुलूप. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली, ती बॅगा घेऊन कुरुंदवाडला आली आणि माडीवरच्या त्याच खोलीत लॅपटॉप लावून बसली, जिथं एके काळी कांद्याची पाटी होती. गावात अशी कितीतरी मुलं-मुली परतली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं नोंद केली, की तिथल्या 18 ते 29 वयाच्या तरुणांपैकी 52 टक्के आई-वडिलांकडं राहतायत, आणि 1930 च्या दशकातल्या महामंदीनंतरच्या काळातही हा आकडा एवढा नव्हता. तिकडं ती मोठी बातमी झाली. आमच्याकडं आईनं फक्त भाकऱ्यांचं पीठ वाढवलं.

टाळेबंदी उठली, तरी सगळी परत गेली नाहीत. कुणाला कंपनीनं घरून काम दिलं, कुणी पुणे सोडून कागलच्या पंचतारांकित वसाहतीत नाहीतर कोल्हापुरात नोकरी धरली. शहरातलं भाडं आणि डिपॉझिट, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, पुढं लग्न, गाडी, घर, हे सगळं समोर असताना चार-पाच वर्षं आई-वडिलांकडं राहून पैसे बाजूला टाकायचे, हा त्यांचा विचार मला शहाणपणाचा वाटतो. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानं रोज ये-जा करणाऱ्या मुलींचं आणखी सोपं झालं. आणि घरालाही त्यांचा आधार झाला. 2021 च्या पुरात याच भाचीनं आजीला आधी गाडीत बसवलं, मग लॅपटॉप उचलला, आणि जयसिंगपूरच्या पाहुण्यांकडं बसून काम केलं.

या मुलांचा पगार देवापुढं जात नाही. तो मोबाईलवर येतो आणि तिथूनच त्यांच्या एसआयपीला जातो. बाप म्हणतो, “तुझे पैसे तुझ्याजवळ राहू देत, आम्हाला काय करायचेत?” यात बापाचा अभिमान आहे, आणि लेकरू पुढं जावं ही इच्छा आहे. पोरांच्या नावावर पैसा साठतोय हे मला मनापासून आवडतं. आमच्या मुली पन्नाशीला पोचतील तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी असेल. पण त्यांच्याही डब्यासाठी पहाटे कुणीतरी उठतंय. गॅसचं बटण फिरवलं की पेटतो, तरी उठावं लागतंच. भाची आता दर महिन्याला आईच्या खात्यावर ठरलेली रक्कम टाकते. आधी वहिनी घेईना, तिला ते परकेपणाचं वाटलं. “घरात राहतीयस, खानावळीत नव्हं,” असं म्हणाली. पोरगीनं ऐकलं नाही. आता त्या पैशांतून वहिनीनं स्वतःच्या नावावर पोस्टात खातं काढलंय. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतःचं पुस्तक.

मला वाटतं, आमच्या पिढीची माया आणि या पिढीचा चोख हिशेब एकाच घरात नांदू शकतात. त्यासाठी फार काही लागत नाही. किराणावाल्याकडं असते तशी एक वही पुरते.

म्हणून ज्यांच्या घरात आज मिळवती मुलं-मुली राहतायत, त्यांना माझी विनंती आहे. त्यांच्याकडून घरखर्चाला थोडे तरी पैसे घ्या, त्यातला काही भाग घर चालवणाऱ्या बाईच्या नावावर टाका. घराला कुणी काय दिलं, मग तो मुलगा असो, मुलगी असो की सून, ते तारखेसह लिहून ठेवा. आणि हक्कसोडीच्या किंवा वाटणीच्या कागदावर कुणाचीही सही घेण्याआधी, सगळ्यांना एकत्र बसवून ती वही मोठ्यानं वाचा.